काळ्या मातीतील गाडीवाट : दुरुस्ती पायापासूनच हवी

पुण्या-मुंबईत नोकरी आणि गावी शेतघर, अशी विभागणी आता सोलापूर जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत झाली आहे. उजनी धरणाच्या काठी, करमाळा आणि माढा तालुक्यांत, अशी शेतघरे विशेष दिसतात. बागायतीचा पैसा आला, पक्की घरे झाली आणि दारात चारचाकी उभी राहिली. मात्र मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीवाट हा बहुतेकांच्या डोकेदुखीचा विषय असतो. मोठा खर्च करून केलेले काँक्रीट दोन पावसाळ्यांत तडकते, पेव्हर ब्लॉक लाटांसारखे वर-खाली होतात आणि मुरमाच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात. मग गवंड्याला बोलावून भेगांत सिमेंट भरले जाते आणि पुढच्या वर्षी तीच भेग पुन्हा उघडते.

दोष बहुधा सिमेंटला किंवा गवंड्याला दिला जातो. पण या भागात गाडीवाट खराब होण्याचे मूळ कारण तिच्या पृष्ठभागात क्वचितच असते. ते खालच्या काळ्या मातीत आणि त्या मातीत जाणाऱ्या पाण्यात असते. हे ध्यानात न घेता केलेली दुरुस्ती म्हणजे दरवर्षीचा खर्च होय.

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले होते. पिकाची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. घरे पांढरीत बांधायची आणि नांगर काळीत धरायचा, असा हा सरळ हिशेब होता. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तेव्हा काठावरची अनेक जुनी गावठाणे जलाशयात गेली आणि गावे नव्या जागी वसली. पुढे पाण्याची सोय झाल्यावर लोक गावठाण सोडून शेतातच घरे बांधू लागले. अशा प्रकारे घर काळीत आले आणि त्याच्यासोबत गाडीवाटही काळीत आली.

काळी माती ही बेसॉल्ट म्हणजे काळ्या कातळाच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट या खनिजाचे अतिसूक्ष्म थर पाणी शोषून एकमेकांपासून दूर सरकतात. त्यामुळे माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या, हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा सर्वांच्या पाहण्यातल्या आहेत. पिकाला ही हालचाल मानवते, पण काँक्रीटच्या पातळ लादीला ती सोसत नाही.

या परिसरात हालचालीची कारणेही अनेक आहेत. जिल्ह्यात पाऊस कमी, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबरच्या सुमारास येतो. म्हणजे मे महिन्यात कोरडीठाक झालेली माती चार महिन्यांत चिंब होते. त्यात जलाशयाची पातळीही सतत बदलते. उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ते भरले. अगदी काठालगतच्या जमिनीत याचा परिणाम भूजलावर होतो. याखेरीज उसाचे पाट आणि जलाशयातून शेतापर्यंत आलेल्या जलवाहिन्या आहेतच. एका बाजूला भिजणारा ऊस आणि दुसऱ्या बाजूला कोरडे पडीक रान असेल, तर वाटेची एक कड फुगते आणि दुसरी बसते.

आधी निदान

दुरुस्तीपूर्वी भेग नीट पाहावी. पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा असतील आणि दोन्ही बाजू एका पातळीत असतील, तर दोष काँक्रीटच्या कामात आहे. मिश्रणात पाणी जास्त झाले किंवा ओलवणी कमी पडली, असे समजावे. भेग रुंद असेल आणि एक बाजू दुसऱ्यापेक्षा वर उचललेली असेल, तर खालची माती हलत आहे. कडेला समांतर जाणारी लांब भेग असेल, तर कडेची माती ओली-कोरडी होत आहे. एकाच ठिकाणी खोलगट बसका भाग असेल, तर खाली गळकी जलवाहिनी किंवा नीट न दाबलेला चर असण्याची शक्यता अधिक असते.

भेग जिवंत आहे की थांबलेली, हे ओळखण्याची साधी रीत आहे. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून त्यावर तारीख लिहावी आणि भेगेची रुंदी मोजून ठेवावी. मे महिन्याच्या अखेरीस आणि सप्टेंबर संपताना पुन्हा पाहावे. पट्टी फुटली नाही तर भेग थांबलेली आहे; ती पातळ सिमेंट किंवा इपॉक्सीने भरली तरी चालते. पट्टी फुटली तर भेग जिवंत आहे. तिच्यात सिमेंट भरणे व्यर्थ असते, कारण कडक भरणा हालचालीबरोबर पुन्हा सुटतो. तेथे पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेनसारखा लवचीक भरणाच वापरावा लागतो. तोही पाणी आत जाऊ नये म्हणूनच. मातीची हालचाल त्याने थांबत नाही.

मातीची परीक्षाही करून घ्यावी. चाळून वाळवलेली दहा ग्रॅम माती एका मापनळीत पाण्यात आणि तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दोन्हींच्या उंचीतील फरकावरून फुगण्याचे प्रमाण काढले जाते. पन्नास टक्क्यांहून अधिक फुगणारी माती रस्त्याच्या भरावात वापरू नये, असा केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या कामांचा निकष आहे. ही चाचणी अभियांत्रिकी महाविद्यालयांत किंवा बांधकामविषयक प्रयोगशाळांत होते. शेतीच्या माती परीक्षण केंद्रात नत्र, स्फुरद आणि पालाश कळेल, पण हे कळणार नाही.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरील उपाय

*काँक्रीट उचलणे किंवा मधोमध तडकणे :* काळ्या मातीवर थेट खडी पसरून चार इंच काँक्रीट ओतल्याचा हा परिणाम होय. उचललेल्या लाद्यांवर नवा थर देऊ नये. जुनी भेग त्यातूनही वर येते. हललेला भाग पूर्ण काढून, खालची माती खोदून पाया बदलणे हाच उपाय आहे. शेजारच्या लाद्या पक्क्या असतील, तर तेवढाच चौकोन यंत्राने कापून काढता येतो.

*कडा तुटणे :* कडेला आधार नसेल तर चाक कडेवर येताच काँक्रीट वा डांबर तुटते. वाटेच्या दोन्ही बाजूंना किमान दोन फूट रुंदीची, दाबलेल्या मुरमाची बाजूपट्टी करावी. उसाचा पाट वाटेला खेटून असेल, तर तो दूर न्यावा किंवा तेवढ्या लांबीत नळातून न्यावा. मोठी झाडे उन्हाळ्यात जमिनीतील ओल ओढून घेतात आणि त्यामुळेही कड बसते. म्हणून नवी झाडे वाटेपासून, ती पूर्ण वाढल्यावर जेवढी उंच होतील, निदान त्याच्या निम्म्या अंतरावर लावावीत.

*पेव्हर ब्लॉक खचणे आणि पसरणे :* ब्लॉक एकमेकांत अडकून भार वाटून घेतात. कडेला काँक्रीटची पक्की पट्टी नसेल, तर ही पकड सुटते आणि मग खालची वाळू वाहून जाते. ब्लॉक उचलून, पाया दुरुस्त करून, दीड इंचाहून जाड नसलेल्या वाळूच्या थरावर ते पुन्हा बसवता येतात. हा ब्लॉकचा मोठा फायदा आहे. मोटारीसाठी ६० मिलिमीटर जाडी पुरते. उसाची ट्रॉली किंवा केळीचा ट्रक येणार असेल, तर ८० मिलिमीटर जाडीचे, एम-४० प्रतीचे ब्लॉक घ्यावेत. काळ्या मातीत पाया पुरेसा करणे परवडत नसेल, तर काँक्रीटपेक्षा ब्लॉकच बरे, कारण थोडी हालचाल ते सोसतात आणि दुरुस्तीला पुन्हा कामी येतात.

*पृष्ठभागाची धूळ आणि पापुद्रे :* हा दोष मिश्रणाचा. काम सोपे व्हावे म्हणून मजूर पाणी वाढवतात आणि वर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटतात. पन्नास किलोच्या पोत्यामागे पाणी साधारण पंचवीस लिटरच्या पुढे जाऊ नये, आणि त्यात ओल्या वाळूतील पाणीही धरावे. ओलवणी साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किंवा कडक उन्हात दहा दिवस हवी. ओले गोणपाट झाकणे किंवा आळी करून पाणी साठवणे चांगले. सकाळ-संध्याकाळ नळीने शिंपडणे म्हणजे ओलवणी नव्हे.

*मुरमाच्या वाटेवरील चाकोऱ्या :* चाकोरीत पाणी साठते, तेथील मुरूम मातीत रुततो आणि चिखल वर येतो. त्यावर आणखी एक ट्रॉली मुरूम ओतला की तोही गडप होतो. चिखल झालेला भाग काढावा, दगडी सोलिंग करावे, त्यावर खडी आणि मुरूम थराथराने पसरून पाणी मारून रोलरने दाबावे. वाटेचा मध्य उंच ठेवावा. दहा फूट रुंदीत मध्यभाग कडांपेक्षा सुमारे दोन इंच वर हवा.

*घराच्या दाराशी पडणारी फट :* काळ्या मातीतील अनेक घरे खोल पायावर किंवा तळाशी फुगीर खांबांवर उभी असतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने हे खांब प्रचलित केले. ते साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, म्हणजे माती फारशी हलत नाही तेथपर्यंत नेतात. घर स्थिर राहते आणि वाट हलते. म्हणून वाट जोत्याला जोडून ओतू नये. दोहोंमध्ये अर्ध्या इंचाचा सांधा ठेवून त्यात फळी व वर लवचीक भरणा भरावा. अन्यथा वाट जोत्याला ढकलते किंवा तेथूनच पाणी घराच्या पायाशी जाते.

*रस्त्याला मिळते तेथे तुंबणे :* मुख्य रस्त्याची गटार बुजवून वाट जोडली, की पावसाचे पाणी दोन्हीकडे पसरते. तेथे पुरेशा व्यासाचा सिमेंटचा नळ टाकून मोरी करावी आणि त्यासाठी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांची म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी घ्यावी.

कायमचा पाया कसा असावा

फुगणाऱ्या मातीचा प्रश्न केवळ गाडीवाटेचा नाही. कालव्यांची अस्तरे अशीच उचलली जात. आयआयटी, मुंबई येथील प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर दीर्घ संशोधन केले. चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर जाड थर काळ्या मातीवर दाबून दिला, तर तिची हालचाल वर पोहोचत नाही, असे त्यांनी दाखविले. कर्नाटकातील मलप्रभा कालव्यावर हे तंत्र वापरले गेले. रस्त्यांसाठीही इंडियन रोड्स काँग्रेसने ०.६ ते १ मीटर जाडीचा असा थर सुचविला आहे.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा की, नुसती वाळू किंवा सुटी खडी भरणे पुरेसे नाही. त्यातून पाणी सहज झिरपून काळ्या मातीपर्यंत जाते. थोडी पकड असलेला चांगला मुरूम लागतो. ओला करून मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला चिखलासारखा चिकटू नये, ही त्याची खूण. धरणातील गाळ मात्र भरावात कधीही वापरू नये. शेताला तो सोने आहे. वाटेखाली तो काळ्या मातीइतकाच घातक ठरतो. मुरूम आणताना गौण खनिजाची स्वामित्वधन पावती मागून घ्यावी.

खासगी वाटेला एक मीटर खोदाई परवडत नाही, पण दीड ते दोन फुटांपेक्षा कमी मुरूम चालणार नाही. शंभर फूट लांब आणि दहा फूट रुंद वाटेचा हिशेब पाहू. दीड फूट दाबलेला मुरूम म्हणजे पंधरा ब्रास. दाबल्यावर तो बसतो, म्हणून सुटा मुरूम वीस ब्रासच्या आसपास लागेल. बाजूपट्ट्यांचा मुरूम यात धरलेला नाही. त्यावर सहा इंच दाबलेली खडी म्हणजे पाच ब्रास. वर पाच इंच काँक्रीट म्हणजे सुमारे पावणेबारा घनमीटर. ट्रॉली-ट्रक येणार असेल, तर काँक्रीट सहा इंच करावे. अनेकजण मुरमात बचत करून काँक्रीट जाड करतात. काळ्या मातीत हा व्यवहार उलटा पडतो.

मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पसरून प्रत्येक थर ओला करून दाबावा. मुख्य म्हणजे खोदलेल्या चराला उताराच्या टोकाला पाण्यासाठी वाट ठेवावी. काळ्या मातीत खणलेला चर हा हौदच असतो. पाणी आत शिरले आणि बाहेर पडले नाही, तर सगळा मुरूम त्या हौदात भिजत राहतो. घरापासून दूर, पन्नासास एक असा उतार आणि बाजूला गटार ठेवले, की निम्मे काम झाले.

चांगला मुरूम लांबून आणावा लागत असेल, तर चुन्याचा पर्याय आहे. काळ्या मातीत कोरड्या वजनाच्या तीन ते पाच टक्के विरवलेला चुना मिसळून, ओलावून दाबला, की तिचा फुगीरपणा बराच कमी होतो. वरच्या उदाहरणात एक फूट खोलीसाठी चार टक्क्यांनी सुमारे पावणेदोन टन चुना लागेल. मिश्रण रोटाव्हेटरने एकजीव करावे आणि दाबल्यावर आठवडाभर ओले ठेवावे. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहेत.

काँक्रीट ओतताना खाली प्लास्टिकचा कागद घालावा आणि जाळी वरच्या तिसऱ्या भागात ठोकळ्यांवर ठेवावी. जमिनीवर पडलेली जाळी निरुपयोगी ठरते. दर दहा फुटांवर आडवे सांधे चोवीस तासांच्या आत, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतके खोल कापावेत. काँक्रीट तडकणारच असते. ते आपण ठरविलेल्या रेषेत तडकावे, एवढ्यासाठी हे सांधे असतात. ठिबकच्या, पिण्याच्या पाण्याच्या आणि विजेच्या नळ्यांसाठी मोठ्या व्यासाचे रिकामे नळ आधीच आडवे पुरून ठेवावेत. गळती झाली तर आतली नळी ओढून काढता येते, वाट फोडावी लागत नाही.

केव्हा करावे

बहुतेक जण हे काम एप्रिल-मे महिन्यांत, लग्नाआधी किंवा सुटीत उरकतात. काळ्या मातीसाठी तो सर्वांत वाईट काळ होय. तेव्हा माती पूर्ण आक्रसलेली असते आणि पहिल्याच पावसात ती वर उचलते. ऐन पावसाळ्यात माती पूर्ण फुगलेली असते आणि नंतर बसते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम, कारण मातीतील ओल तेव्हा मध्यम असते आणि ऊन सौम्य असल्याने काँक्रीटही नीट पिकते.

अडचण एवढीच की, याच दिवसांत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू असतो. नव्या काँक्रीटवर आठ-दहा दिवसांनी मोटार चालते, पण भरलेल्या ट्रॉलीसाठी अठ्ठावीस दिवस थांबावे. म्हणून तोडीचा अंदाज घेऊन, ऊस आधी बाहेर काढून मग काम धरावे, किंवा तेवढ्या काळापुरती रानातून दुसरी वाट करून द्यावी.

खर्चाआधी कागद

गाडीवाट दुसऱ्याच्या बांधावरून जात असेल, तर पक्के काम करण्यापूर्वी हक्क निश्चित करावा. बांधावरून नवी वाट मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जलाशयासाठी संपादित झालेल्या गाळपेर जमिनीवर पक्की वाट करू नये. ती जमीन आपली नसते आणि धरण भरले की वाट पाण्याखाली जाते.

घर झाले की उरलेल्या पैशांत वाट, हा आपला सर्वसाधारण रिवाज आहे. परंतु रात्री-अपरात्री आजाऱ्याला न्यायला येणारी रुग्णवाहिका असो किंवा तोडलेली केळी वेळेत न्यायला आलेला ट्रक, दोघांचीही चाके याच शंभर फुटांत रुततात. एकाच वर्षी सगळे परवडत नसेल, तर पहिल्या वर्षी खोदाई, मुरूम, गटार आणि मोरी एवढेच करावे आणि एक पावसाळा त्यावरून गाड्या चालू द्याव्यात. जेथे बसेल तेथे मुरूम भरून पुन्हा दाबावा. काँक्रीट किंवा ब्लॉक दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर टाकले तरी चालतात. एक पावसाळा निभावलेला पाया पुढच्या दुरुस्त्यांचा खर्च वाचवितो.